नागपुरात माजी सैनिक दांपत्यासाठी उतारवयाचं घर: निवड, करार आणि कागदपत्रं

फौजेतून निवृत्त होणं आणि म्हातारपण येणं, या दोहोंत बहुतेक जवानांच्या बाबतीत तीस-पस्तीस वर्षांचं अंतर पडतं. शिपाई, नायक, हवालदार चाळिशीच्या आसपास घरी येतात, बँकेत किंवा कारखान्यात दुसरी नोकरी करतात, मुलांची लग्नं उरकतात. पंचाहत्तरीला ‘आता जिना चढवत नाही’ हे लक्षात येतं, तोवर डिस्चार्ज बुकाची (फौजेतून सुटताना मिळालेल्या सेवापुस्तिकेची) पानं पिवळी पडलेली असतात आणि मुलं पुण्याला किंवा परदेशात असतात. मग माजी सैनिकांच्या संकुलाची चौकशी सुरू होते. ती बहुधा एखाद्या आजारपणानंतर आणि घाईत होते. दोघंही चालते-फिरते असताना ती व्हावी, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. माजी सैनिक कुटुंबांचे अर्ज भरून द्यायला मी मदत करते, आणि नड नेमकी कुठे येते ते तिथे रोज दिसतं.

माझं मुख्य सांगणं एकच आहे: घर निवडताना पत्नीचा विचार आधी करा. ती बहुधा वयाने लहान असते आणि पतीच्या मागे बरीच वर्षं जगते. पेन्शन, लष्करी कॅन्टीन, पॉलिक्लिनिक म्हणजे माजी सैनिकांचा दवाखाना, हे सगळं आजवर ‘हेच बघतात’ म्हणून तिने पाहिलेलं नसतं. ती एकटी उरल्यावर जे घर तिला परवडेल आणि जिथले कागद तिच्या नावाने चालतील, तेच दोघांसाठी योग्य. नोकरी पत्नीने केलेली असेल, लष्करी नर्सिंग सेवेत असेल, तर हेच पतीबाबत लागू करा.

नागपूरच का, आणि काय शोधायचं

माजी सैनिकाला इथे एकटं वाटत नाही. कामठीची छावणी १८२१ सालची. ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌सचं रेजिमेंटल सेंटर तिथेच आहे. वायुसेना नगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे आणि सीताबर्डीच्या किल्ल्यावर आजही लष्कराचाच ताबा आहे. पॉलिक्लिनिक, मिलिटरी हॉस्पिटल, कॅन्टीन, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय या सगळ्या सोयी एकाच शहर-परिसरात मिळतात. गडचिरोली, भंडारा, यवतमाळकडची फौजी कुटुंबं इकडे सरकतात ती यामुळेच.

अमेरिकेत १८५१ सालापासून केंद्र सरकारचं सैनिक निवृत्तीगृह चालतं. आपल्याकडची रचना वेगळी आहे. पेन्शन, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) आणि सैनिक कल्याण खातं हे आपले आधार, पण राहण्याचं घर आपणच शोधायचं. ते साधारण तीन प्रकारांनी मिळतं. पहिला प्रकार मालकीच्या फ्लॅटचा: ज्येष्ठांसाठी बांधलेल्या संकुलात घर विकत घ्यायचं आणि देखभालीचे पैसे दरमहा भरायचे. दुसऱ्यात मोठी ठेव भरून राहण्याचा हक्क मिळतो; सोडताना ठेव, किंवा तिचा काही भाग, परत मिळतो. तिसरा प्रकार म्हणजे मासिक शुल्क देऊन खोली घेणं. यात आणखी एक वाट आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. ओळखीची चार-पाच फौजी कुटुंबं मिळून एकाच साध्या सोसायटीत फ्लॅट घेतात, स्वयंपाकाची बाई आणि रात्रीचा मदतनीस सामायिक ठेवतात. जाहिरातीतल्या संकुलाइतकं ते चकचकीत नसतं, पण शेजार खात्रीचा असतो आणि खर्च आपल्या हातात राहतो.

आधी गणित कुटुंब पेन्शनवर मांडा

शुल्क परवडतं का, हे लोक आजच्या पेन्शनवर तपासतात. तपासायचं असतं कुटुंब पेन्शनवर, म्हणजे पतीच्या मागे पत्नीला मिळणाऱ्या पेन्शनवर. सेवा पेन्शन ढोबळमानाने अखेरच्या वेतनाच्या ५० टक्के असते आणि साधारण कुटुंब पेन्शन ३० टक्के. म्हणजे आज मूळ पेन्शन ३०,००० रुपये असेल, तर पतीच्या पश्चात पत्नीची मूळ रक्कम साधारण १८,००० होते. त्यावर महागाई दिलासा वेगळा. वाढीव दराने कुटुंब पेन्शन काही काळ मिळू शकते, पण पती वयाच्या ६७ वर्षांआधी गेले तरच, आणि संकुलात जाणारी बहुतेक जोडपी ते वय ओलांडलेली असतात. अपंगत्व पेन्शन मिळत असेल तर तिच्यातला अपंगत्वाचा भाग पतीबरोबरच थांबतो.

आता संकुलाचं शुल्क समोर ठेवा. दोघांचं शुल्क किती आणि एकटीचं किती, हे वेगवेगळं विचारा. कित्येक ठिकाणी एकटीचं शुल्क निम्मं होत नाही, कारण खोली तीच राहते. दरवर्षी वाढ किती टक्के, तेही लिहून घ्या. दहा वर्षांपुढचा आकडा काढा आणि तो कुटुंब पेन्शन अधिक ठेवींच्या व्याजात बसतो का पाहा. बसत नसेल तर ते संकुल सोडून द्या, कितीही आवडलेलं असलं तरी.

गणितात एक जमेची बाजूही आहे. ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३० टक्के, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. कुटुंब पेन्शन घेणाऱ्या पत्नीलाही तिच्या स्वतःच्या वयानुसार ही वाढ मिळते. मात्र पीपीओत (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) तिची जन्मतारीख नोंदलेली हवी. जुन्या पीपीओत ती जागा बऱ्याचदा कोरी असते. आजच उघडून बघा.

ज्यांना पेन्शनच नाही अशा, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या ६५ वर्षांवरील माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाचं निर्धनता अनुदान आहे. नोव्हेंबर २०२५ पासून ते दरमहा ८,००० रुपये झालं आहे. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो.

जागा: मे महिन्यात दुपारी तीनला बघायला जा

डिसेंबरात नागपूर सगळ्यांनाच आवडतं. घर बघायचं ते मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना. सगळ्यात वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत असलेली खोली म्हाताऱ्या माणसाला सोसत नाही. रात्री दहालाही भिंत हात लावू देत नाही. मधला मजला, पूर्व किंवा उत्तरेकडची खिडकी आणि खिडकीबाहेर कूलर ठेवायला पक्का कट्टा, एवढं मिळालं तर पहिली लढाई जिंकली.

कूलरबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण विदर्भात उन्हाळ्यात त्याचा शॉक लागून माणसं दगावतात. पंप चालू असताना टाकीत पाणी भरणं, ओल्या हाताने पत्रा धरणं, अर्थिंग नसणं ही नेहमीची कारणं. संकुलात प्रत्येक खोलीला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का आणि अर्थिंग शेवटचं कधी तपासलं, हे इलेक्ट्रिशियनला विचारा. ऑफिसातल्या माणसाला विचारून उपयोग नाही. टाकी कोण भरतं तेही विचारा. ऐंशीच्या माणसाने बादली उचलून कूलर भरायचा असेल तर ती सोय नव्हे. वाळ्याची ताटी दर हंगामात बदलून मिळते का, वीज गेल्यावर जनरेटरवर फक्त लिफ्ट चालते की खोलीतला पंखाही, हेही तिथेच उभ्या उभ्या विचारून घ्या.

दुसरी फेरी जोराच्या पावसानंतर मारा. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घरांत शिरलं, आणि तेव्हा चालता न येणाऱ्या माणसांना तळमजल्यावरून बाहेर काढणं किती कठीण असतं ते साऱ्या शहराने पाहिलं. नाल्याकाठचा तळमजला स्वस्त मिळत असला तरी नको.

भागांबद्दल माझं मत सांगते. कामठी रोडची बाजू फौजी माणसाला सगळ्यांत सोयीची: मिलिटरी हॉस्पिटल आणि कॅन्टीन जवळ, आणि मेट्रोची ऑरेंज लाइन ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत आहे. काटोल रोड, गिट्टीखदान, वायुसेना नगरचा पट्टा हवाई दलाच्या मंडळींचा. कोराडी-खापरखेड्याकडे जागा मोकळ्या मिळतात, पण औष्णिक केंद्रांची राख दम्याच्या रुग्णाला बाधते, तेव्हा छातीचा त्रास असेल तर तिकडे जाऊ नका. वर्धा रोड, बेसा, मिहानच्या बाजूला नवे प्रकल्प बरेच आहेत आणि मिहानमध्ये एम्सही आहे; मात्र तिथून कामठीला जायचं म्हणजे शहर आडवं ओलांडायचं. शहराबाहेरच्या लेआउटमध्ये पाणी नळाचं, बोअरचं की टँकरचं, हे उन्हाळ्यात तिथे राहणाऱ्याला विचारा.

खोलीच्या आत

महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी स्वतंत्र निकष लागू केले. ‘सिनियर सिटिझन’ म्हणून विकलं जाणारं संकुल त्यावर घासून बघता येतं. मोजपट्टी घेऊनच जा. दार किमान ९०० मिलिमीटर रुंद हवं, म्हणजे व्हीलचेअर सरळ आत जाते. दाराला उंबरठा नको. जिना किमान १,५०० मिलिमीटर रुंद, दोन्ही बाजूंनी कठडा, एका टप्प्यात १२ पेक्षा जास्त पायऱ्या नकोत. लिफ्ट एक मजल्याच्या वरच्या प्रत्येक इमारतीत हवी. तिच्यात स्ट्रेचर मावतं का, हे मी स्वतः आडवी पट्टी लावून बघायला सांगते. अडचणीच्या रात्री नेमकं तेच आडवं येतं.

न्हाणीघरात कमोडच्या शेजारी आणि शॉवरखाली धरायला दांडी, न घसरणारी फरशी, आणि दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असावं. आत पडलेला माणूस दाराला टेकला तर आत उघडणारं दार उघडता येत नाही. मदतीची घंटा पलंगाशी हवी आणि न्हाणीघरात जमिनीजवळही हवी. तोफखान्यात किंवा रणगाड्यांवर ज्यांची नोकरी झाली त्यांना कमी ऐकू येणं सर्रास असतं, म्हणून धोक्याची सूचना आवाजाबरोबर दिव्यानेही मिळते का पाहा.

आजारपण: ईसीएचएस काय देतं, संकुलाने काय द्यायचं

ईसीएचएस १ एप्रिल २००३ पासून आहे आणि तिच्याइतका भक्कम आधार दुसरा नाही. पण ती खर्च उचलते उपचाराचा. राहण्या-जेवणाचा आणि रोजच्या सेवेकऱ्याचा नाही. हा फरक न कळल्यामुळे कुटुंबं गणित चुकवतात.

नेहमीची रीत अशी: पॉलिक्लिनिकमध्ये दाखवायचं, गरज पडली तर तिथून रेफरल, मग पॅनेलवरचं, म्हणजे ईसीएचएसच्या यादीतलं, हॉस्पिटल. जीवघेण्या प्रसंगात सरळ पॅनेलवरच्या हॉस्पिटलात जाता येतं. कळवायचं काम ते हॉस्पिटल करतं. पॅनेलबाहेरच्या हॉस्पिटलात जावं लागलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला आपण कळवायचं. हे ४८ तास संकुलाच्या रात्रपाळीच्या माणसाला तोंडपाठ असले पाहिजेत. भेटीला जाल तेव्हा मॅनेजरला नव्हे, त्या रात्रपाळीच्या माणसाला विचारा: ‘रात्री दोनला यांच्या छातीत दुखलं तर गाडी कुठे नेशील?’ जवळच्या पॅनेल हॉस्पिटलचं नाव त्याने लगेच सांगायला हवं. पॅनेलची यादी बदलत राहते, म्हणून ताजी यादी भिंतीवर आहे का तेही बघा.

दुसऱ्या जिल्ह्यातून येत असाल तर मूळ पॉलिक्लिनिक (जिथे तुमची नोंद आहे ते) नागपूरचं करून घ्या. दोघांची स्मार्ट कार्डं स्वतंत्र असतात. पत्नीचं कार्ड पतीच्या पाकिटात ठेवायची सवय मोडा.

आणि एक प्रश्न अवघड वाटला तरी टाळू नका. माणूस अंथरुणाला खिळला, किंवा विसरभोळेपणा वाढून रात्री बाहेर जाऊ लागला, तर संकुल काय करणार? कुठे वेगळा विभाग असतो, कुठे जादा शुल्कावर सेवेकरी मिळतो, कुठे ‘घरच्यांनी न्यावं’ अशी अट असते. अट कोणतीही असो, ती लिहिलेली हवी. मनाचं दुखणंही यातच आलं. ज्यांनी लढाई किंवा मोठा अपघात पाहिला आहे, अशा काहींना दिवाळीच्या फटाक्यांनी आजही झोप लागत नाही. असं काही दिसलं तर पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांकही चोवीस तास चालतो.

करार: सही करण्याआधी

प्रकल्प नवा असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून बघा. नोंदणीकृत विक्री करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे रेरा कायद्याच्या १३ व्या कलमात आहे. नागपूरच्या लेआउटमध्ये एनए (बिगरशेती परवानगी), टीपी (नगररचना मंजुरी) आणि आरएल (भूखंडाबाबतचं प्राधिकरणाचं पत्र) हे तिन्ही कागद वकिलाला दाखवा. ‘आरएल येतोय’ या शब्दावर निवृत्तीची रक्कम देऊ नका.

ठेवीच्या किंवा मासिक शुल्काच्या करारात मी सगळ्यांत आधी पत्नीचं नाव शोधते. ‘रहिवासी’ म्हणून दोघांची नावं आहेत की पती रहिवासी आणि पत्नी नुसती ‘सोबतची व्यक्ती’? माजी सैनिकांपुरत्या राखीव संकुलात पात्रता पतीच्या सेवेमुळे मिळालेली असते. त्यांच्या मृत्यूनंतर पत्नीचा राहण्याचा हक्क त्याच अटींवर, नवी ठेव न भरता चालू राहील, हे वाक्य करारात शब्दशः असलं पाहिजे. तोंडी आश्वासन देणारा मॅनेजर पाच वर्षांनी तिथे नसतो. यानंतर ठेव किती दिवसांत आणि कोणाला परत मिळणार, हॉस्पिटलात महिनाभर राहिलं तर शुल्क किती, मुलं-नातवंडं आली तर किती दिवस राहू शकतात, संकुल दुसऱ्या संस्थेकडे गेलं तर आपलं काय, हे वाचा. करार नोंदणीकृत करून घ्या.

राहतं घर मुलांच्या नावावर करून संकुलात यायचं ठरवत असाल, तर थांबा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं २३ वं कलम तुमच्या बाजूने आहे: सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, न्यायाधिकरण परत फिरवू शकतं. पण बक्षीसपत्रात ती अट लिहिलेली असेल तर हे काम सोपं होतं. भिडेखातर ती गाळू नका. हे न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्यांकडे असतं. साधी विचारपूस करायची असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा क्रमांक आहे.

कागद: लग्नानंतर बदललेलं नाव

महाराष्ट्रातल्या फौजी कुटुंबांची ही खास अडचण आहे. सर्व्हिस रेकॉर्डला माहेरचं नाव, आधारला सासरचं, बँकेत तिसरंच, आणि जन्मतारीख प्रत्येक कागदावर वेगळी. पती हयात असेपर्यंत कोणाचं काही अडत नाही. ते गेल्यावर कुटुंब पेन्शन अडकते, आणि दुःखात असलेल्या बाईला ‘ही तुम्हीच कशावरून’ हे सिद्ध करावं लागतं. माजी सैनिक स्वतः सही करू शकतात तोवर ही दुरुस्ती बरीच सोपी असते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मदतीने रेकॉर्ड ऑफिसला अर्ज पाठवा. गार्ड्‌सचं रेकॉर्ड ऑफिस कामठीतच आहे, महार रेजिमेंटसाठी सागर, मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव. सोबत विवाहाचा पुरावा आणि नाव एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. दुरुस्त नोंद स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर दिसते का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय काम झालं असं समजू नका.

स्पर्शवरचा मोबाइल क्रमांक नातवाचा असेल तर बदला. हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. संकुलात एक दिवस ठरवून सगळ्यांचे दाखले एकत्र करून टाका. पेन्शनचं खातं दोघांच्या नावाने असू द्या.

मृत्युपत्र करा. लढाईवरच्या सैनिकाला तोंडी मृत्युपत्राची सवलत असते, ती निवृत्ताला नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हेही मुलांना आताच सांगा.

घर मालकीचं असेल तर माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांसाठी राज्याची मालमत्ता कर माफी २०२० पासून एका निवासी घराला लागू आहे. बंदुकीचा परवाना असेल तर पत्ता बदलल्याचं परवाना कार्यालयाला कळवा. सामूहिक निवासात हत्यार ठेवू नका, शासकीय नियमाप्रमाणे जमा करा किंवा रीतसर हस्तांतरित करा.

राहून बघा

ठेव भरण्याआधी महिनाभर राहण्याची परवानगी मागा, जमल्यास उन्हाळ्यात. जेवणाच्या हॉलमध्ये कोण कुठे बसतं ते बघा. निवृत्त कर्नल आणि निवृत्त नायक एकाच टेबलावर बसून वरण-भात खातात का, की हुद्द्याप्रमाणे कोपरे ठरलेले आहेत? ‘साहेब’ म्हणण्याची सवय जाणार नाही आणि जाऊही नये, त्यात आदर आहे. पण समितीत सुभेदाराच्या शब्दालाही मान असला पाहिजे. एकट्या राहणाऱ्या महिला संध्याकाळी बाहेर बसलेल्या दिसतात का? समितीत त्यांच्यापैकी कोणी आहे का? माझ्या मते संकुलाची सगळ्यांत खरी परीक्षा हीच आहे, आणि तिथे राहणाऱ्या एखाद्या वहिनींशी पंधरा मिनिटं निवांत बोललात तर मॅनेजरने न सांगितलेलं सगळं कळतं. हे बोलणं पत्नीने करावं, पतीने थोडं लांब थांबावं.

राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात एक फाइल करा: पीपीओ, डिस्चार्ज बुक, दोन्ही ईसीएचएस कार्डांच्या प्रती, चालू औषधांची यादी, पॉलिक्लिनिकचा क्रमांक, मुलांचे क्रमांक, मृत्युपत्र कुठे आहे त्याची नोंद. ती कपाटात कुलूप लावून ठेवू नका. पुढच्या महिन्याचं पॉलिक्लिनिक, बँक आणि कॅन्टीन पत्नीने एकटीने करावं. पतीने सोबत जावं, पण खिडकीशी तिनेच बोलावं.